६.९४ मिलिसेकंद : गेमिंग मॉनिटर निवडण्याचा हिशोब

गेमिंग मॉनिटरच्या खोक्यावर तीन गोष्टी ठळक छापलेल्या असतात: १८० हर्ट्‌झ, १ मिलिसेकंद, एचडीआर. तिन्ही दावे बहुधा खरेच असतात. पण प्रत्येकाला एक अट चिकटलेली असते आणि ती खोक्यावर कुठेच नसते. १८० हर्ट्‌झ मिळतात ते कदाचित एकाच पोर्टवर. १ मिलिसेकंद मिळतो तो अशा सेटिंगला, जी चालू ठेवून सहसा कुणी खेळत नाही. आणि एचडीआर (जास्त उजळ उजेड आणि जास्त गडद अंधार एकाच चित्रात दाखवायची सोय) म्हणजे मॉनिटर तो सिग्नल घेतो इतकंच. नीट दाखवतो की नाही, हा वेगळा प्रश्न.

या सगळ्याला एकच मोजपट्टी लावता येते, मिलिसेकंदाची. ६० हर्ट्‌झचा मॉनिटर सेकंदात ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे प्रत्येक चित्र १६.६७ मिलिसेकंद पडद्यावर राहतं. १४४ हर्ट्‌झला हीच वेळ ६.९४ होते, २४० ला ४.१७ आणि ३६० ला २.७८. आता वजाबाकी करा. ६० वरून १४४ वर गेलात की पावणेदहा मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० वर गेलात तर पावणेतीन. २४० वरून ३६० वर गेलात तर जेमतेम दीड. म्हणूनच पहिली उडी माउस हलवताक्षणी हाताला जाणवते आणि तिसरी शोधावी लागते. किंमत मात्र तिसऱ्या उडीलाच सगळ्यात जास्त.

१४४ हर्ट्‌झचा मॉनिटर घेतलात तर त्या ६.९४ मिलिसेकंदांत दोघांनी आपापलं काम उरकायचं असतं: ग्राफिक्स कार्डाने नवी फ्रेम, म्हणजे पुढचं चित्र, तयार करायची आणि पॅनलच्या पिक्सेलनी, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांनी, जुना रंग सोडून नवा धरायचा. दोघांपैकी एकाला जरी उशीर झाला, तरी १४४ चे पैसे फुकट.

आधी कार्डाला विचारा

रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातले पिक्सेल, जितकं जास्त तितकं कार्डावर ओझं जास्त. १०८०पी म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. १४४०पी म्हणजे ३६,८६,४००, जवळपास पावणेदोन पट. फोर-के म्हणजे ८२,९४,४००, बरोबर चौपट. एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) अगदी त्याच प्रमाणात पडत नाहीत, कारण प्रोसेसरचाही त्यात वाटा असतो, पण दिशा तीच असते.

आपलं कार्ड किती फ्रेम देतं, हे मॉनिटर घेण्याआधी मोजता येतं आणि बहुतेक लोक नेमकं तेवढंच करत नाहीत. जुन्या ६० हर्ट्‌झच्या मॉनिटरवरही गेममधलं व्ही-सिंक (कार्डाला पडद्याच्या वेगाशी बांधणारं सेटिंग) बंद करा, फ्रेमवर काही मर्यादा घातली असेल तर ती काढा आणि स्टीमचा एफपीएस काउंटर चालू करा. पडद्याला ६० च दाखवता येत असले, तरी कार्ड १३० फ्रेम बनवत असेल तर काउंटरवर १३० दिसतात. पुढचं रिझोल्यूशन पेलेल का, हेही याच मॉनिटरवर तपासता येतं. एनव्हिडियाच्या कार्डात डीएसआर नावाची सोय असते, त्यात १.७८ पट निवडलं की १०८०पी मॉनिटरवर गेम आतल्या आत १४४०पी मध्ये रंगवला जातो. एएमडीत त्याच कामाला व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन म्हणतात. गेमचा सगळ्यात गर्दीचा, धुराचा, स्फोटांचा भाग निवडा, अर्धा तास खेळा आणि सरासरीपेक्षा खालचे आकडे बघा. तिथे ७० मिळत असतील, तर २४० हर्ट्‌झचा विचार सोडा.

गेमही बघा. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ मध्यम कार्डावरही शेकड्यांनी फ्रेम देतात. तिथे जास्त हर्ट्‌झ कामाला येतात. उलट एल्डन रिंग पीसीवर ६० फ्रेमच्या वर जातच नाही, आणि स्ट्रीट फायटर ६ किंवा टेकन ८ च्या लढतीही ६० ला बांधलेल्या आहेत. असेच गेम खेळणाऱ्याने हर्ट्‌झवरचे पैसे चांगल्या पॅनलवर घालावेत.

एनव्हिडियाचं डीएलएसएस आणि एएमडीचं एफएसआर या लहान चित्र मोठं करून दाखवायच्या सोयींनी हा हिशोब थोडा सैल केला आहे. फोर-के मॉनिटरवर ‘क्वालिटी’ मोड लावला की गेम प्रत्यक्षात १४४०पी मध्ये रंगतो आणि मग मोठा केला जातो. ‘परफॉर्मन्स’ मोडला तो १०८०पी वर उतरतो. त्यामुळे फोर-केचं ओझं पूर्वीइतकं भयानक राहिलेलं नाही. पण गेममध्ये ही सोय नसेल आणि रिझोल्यूशन हाताने खाली आणावं लागलं, तर १४४०पी पॅनलवर १०८०पी चित्र भुरकट दिसतं. एका पिक्सेलच्या जागी दीडही नाही, एक पूर्णांक एक तृतीयांश पिक्सेल भरायचा असतो, तो नीट बसणार कसा?

आकाराचं फार लांबवत नाही. २४ इंचांवर १०८०पी म्हणजे इंचाला साधारण ९२ पिक्सेल, ठीक. २७ इंचांवर तेच १०८०पी घेतलं की इंचाला ८२ होतात आणि अक्षरांच्या कडांना पायऱ्या दिसू लागतात. २७ इंचांवर १४४०पी म्हणजे १०९. ही जोडी उगाच लोकप्रिय झालेली नाही. ३२ इंचांवर १४४०पी घेतलं तर पुन्हा ९२ वर आलात. टेबलाची खोली मात्र मोजून घ्या. २७ इंची मॉनिटर साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतो आणि त्याच्या व्ही आकाराच्या स्टँडचे पाय वीसेक सेंटिमीटर मागेपुढे पसरतात. ६० सेंटिमीटर खोलीच्या टेबलावर कीबोर्ड ठेवल्यावर डोळे पडद्याच्या फारच जवळ येतात. मागे ७५ किंवा १०० मिलिमीटरच्या चौकोनात चार व्हेसा भोकं (स्टँड-आर्म जोडायची ठरलेल्या मापाची भोकं) असली, तर मॉनिटर आर्मवर चढवता येतो आणि हा प्रश्न मिटतो.

१ मिलिसेकंद कुठून येतो

पिक्सेल एका करड्या छटेवरून दुसऱ्या छटेवर जायला जो वेळ घेतो, तो रिस्पॉन्स टाइम. तो मोजताना बदलाचा सुरुवातीचा १० टक्के आणि शेवटचा १० टक्के भाग सहसा धरत नाहीत. शेकडो छटांच्या जोड्यांपैकी जी सगळ्यात वेगाने बदलते, तिचाही आकडा छापता येतो. ‘१ मिलिसेकंद जीटीजी’ (ग्रे-टू-ग्रे, म्हणजे छटेवरून छटेवर) असा जन्माला येतो. ‘१ मिलिसेकंद एमपीआरटी’ (हलतं चित्र डोळ्याला किती वेळ दिसत राहतं त्याचं माप) ही तर वेगळीच गोष्ट. त्यात पिक्सेल वेगवान झालेला नसतो. प्रत्येक फ्रेमनंतर बॅकलाइट, म्हणजे पॅनलमागचा दिवा, विझवून डोळ्याला चित्र क्षणभरच दाखवलं जातं. हलती वस्तू रेखीव दिसते खरी, पण ब्राइटनेस पडतो, काहींचे डोळे दुखतात, आणि बहुतेक मॉनिटरांत त्याच वेळी फ्रीसिंक (पडद्याला कार्डाच्या वेगाने चालवणारी सोय, तिच्याबद्दल पुढे) चालत नाही.

पिक्सेलला घाई करायला लावण्याचं दुसरं साधन म्हणजे ओव्हरड्राइव्ह. मॉनिटरच्या मेन्यूत ‘रिस्पॉन्स टाइम’ किंवा ‘ओव्हरड्राइव्ह’ या नावाखाली तीन-चार पायऱ्या असतात: ऑफ, नॉर्मल, फास्ट, फास्टेस्ट. पिक्सेलला लागतो त्याहून जास्त व्होल्टेज देऊन धक्का मारायचा, म्हणजे तो लवकर पोहोचतो. धक्का जास्त झाला की तो ठरलेल्या छटेच्या पुढे निघून जातो आणि मग मागे येतो. खोक्यावरचा १ मिलिसेकंद बहुतेक वेळा याच शेवटच्या पायरीचा असतो.

हे स्वतः बघायला पाच मिनिटं लागतात. ब्राउझरमध्ये टेस्ट-यूएफओ ही वेबसाइट उघडा. उडती तबकडी डावीकडून उजवीकडे जाते, सेकंदाला ९६० पिक्सेल. डोळे तिच्यावरच ठेवा आणि दुसऱ्या हाताने मॉनिटरच्या मागची बारकी काडी ढकलून ओव्हरड्राइव्ह बदलत जा. ‘ऑफ’ला तबकडीमागे धुरकट शेपूट दिसेल. ‘नॉर्मल’ला शेपूट आखूड होईल. ‘फास्टेस्ट’ला शेपूट जवळपास जाईल, पण तिच्या जागी तबकडीची एक फिकट, उलट्या रंगाची कडा मागे चिकटलेली दिसेल, जणू कुणी खडूने गिरवली आहे. ही दिसायच्या आधीची पायरी तुमची. बहुतेक मॉनिटरांत ती मधलीच निघते.

पिक्सेल क्षणात बदलला, तरी थोडी अस्पष्टता उरतेच. पडदा प्रत्येक फ्रेम पुढची येईपर्यंत जागच्या जागी धरून ठेवतो आणि आपला डोळा मात्र वस्तूबरोबर सरकत राहतो. ९६० पिक्सेलच्या वेगाला ६० हर्ट्‌झवर हा फरक १६ पिक्सेलचा, १४४ वर पावणेसात, २४० वर चार. हर्ट्‌झ वाढवण्याचा खरा फायदा हाच.

आयपीएस, व्हीए, ओलेड

ही पॅनलच्या जातींची नावं. त्यांतलं आणखी एक, टीएन पॅनल, आता नव्या खरेदीत फारसं समोर येत नाही. मान थोडी खाली केली की त्याचे रंग पालटतात. आलंच समोर, तर सोडून द्या.

आयपीएसचे रंग सरळ आणि वेग सर्व छटांत बऱ्यापैकी सारखा असतो. दुखणं काळ्याचं. कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्याच्या उजेडाचं प्रमाण) साधारण १०००:१, म्हणजे पांढरा ३०० निट्स (निट हे उजेडाचं एकक) असेल तर काळा ०.३. दिवसा हे कळत नाही. रात्री दिवा मालवून अंधाऱ्या गुहेचा गेम लावलात की काळ्याच्या जागी गडद राखाडी दिसतो आणि कोपऱ्यांत पिवळट-पांढरी झाक येते.

व्हीएचा कॉन्ट्रास्ट ३०००:१ किंवा त्याहून वर, त्यामुळे तोच काळा ०.१ वर उतरतो. अंधारात व्हीए फार देखणा दिसतो. पण काळ्यातून गडद राखाडीत जायला त्याच्या पिक्सेलला सगळ्यात जास्त वेळ लागतो. स्वस्त पॅनलांत हा बदल २० मिलिसेकंदांच्याही वर जातो. आपल्याकडे होते ६.९४. म्हणजे पिक्सेल पोहोचायच्या आत दोन-तीन फ्रेम येऊन गेलेल्या असतात. रात्रीच्या रस्त्यावर गाडी वळवली की झाडांच्या सावल्या शाईसारख्या ओघळतात, त्याचं कारण हे. उजेडातल्या दृश्यात तोच मॉनिटर स्वच्छ चालतो, म्हणून दुकानातल्या रंगीबेरंगी डेमोवर ही खोड कधीच पकडली जात नाही. तपासायचीच असेल तर गडद थीममधलं करड्या अक्षरांचं लांब पान भरभर स्क्रोल करून बघा.

ओलेडमध्ये बॅकलाइट नसतोच. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा म्हणजे काळा, आणि बदल १ मिलिसेकंदाच्या आत, खरोखरच. घेताना तीन गोष्टींचा विचार करा. क्यूडी-ओलेड या ओलेडच्या एका प्रकारावर खिडकीचा उजेड थेट पडला तर काळा जांभळट-करडा दिसतो. सबपिक्सेलची (पिक्सेलमधल्या लाल-हिरव्या-निळ्या भागांची) रचना वेगळी असल्याने बारीक अक्षरांच्या कडांना रंगाची किनार दिसू शकते. दिवसभर एक्सेल किंवा कोड बघणाऱ्याला हे खटकेल. आणि बर्न-इन: टास्कबार, गेममधला नकाशा, आयुष्याची पट्टी असं जे रोज त्याच जागी असतं, त्याचा ठसा कालांतराने पडू शकतो. हे टाळायला मॉनिटर काही तासांच्या वापरानंतर स्टँडबायमध्ये असताना स्वतःची दुरुस्ती करून घेतो. आपल्या घरांत रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असते. ओलेडच्या बाबतीत ती मोडावी लागते, कारण वीजच नसली तर दुरुस्ती होत नाही.

बहुतेकांसाठी आमचं उत्तर सरळ आहे: मध्यम कार्ड असेल तर २७ इंच, १४४०पी, आयपीएस, १६५ ते १८० हर्ट्‌झ. कार्ड जुनं असेल आणि खेळायचं व्हॅलोरंटच असेल, तर २४ इंच १०८०पी आयपीएस. रात्री, एकट्याने, कथेचे गेम खेळणाऱ्याने व्हीए जरूर बघावं.

फ्रेम एकसारख्या येत नाहीत

कार्ड घड्याळ लावून फ्रेम देत नाही. एक ६ मिलिसेकंदांत होते, पुढची ११ मध्ये. पडदा वरून खाली चित्र काढत असताना मध्येच नवी फ्रेम आली, तर वरचा अर्धा जुना आणि खालचा नवा राहतो. खांब मधोमध कापून सरकवल्यासारखा दिसतो. हे टेअरिंग. व्ही-सिंक लावलं की कार्डाला थांबावं लागतं: टेअरिंग जातं, पण माउसला जडपणा येतो.

व्हीआरआर (व्हेरिएबल रिफ्रेश रेट, म्हणजे बदलते हर्ट्‌झ) यात पडद्यालाच थांबायला लावतं. फ्रेम आली की चित्र बदल. एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक आणलं तेव्हा त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळी चिप लागायची. २०१४ मध्ये व्हेसा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक डिस्प्लेपोर्टच्या मानकात घेतलं, एएमडीने त्यावर फ्रीसिंक उभं केलं आणि जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डंही अशा मॉनिटरांवर व्हीआरआर चालवू लागली. त्यामुळे आज खोक्यावर कुणाचं नाव आहे यापेक्षा व्हीआरआर किती हर्ट्‌झपासून कितीपर्यंत चालतं, तो पल्ला बघा. ४८ ते १४४ असा पल्ला असेल आणि गेम ४० वर आला, तर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून मॉनिटर ८० हर्ट्‌झवर चालतो आणि तुम्हाला काही कळतही नाही. पल्ला ४८ ते ७५ असेल तर ही युक्ती जमत नाही, कारण ४७ ची दुप्पट ९४ होते आणि तिथवर तो पोहोचतच नाही. वरचा आकडा खालच्याच्या निदान दुप्पट हवा.

दोन कुरबुरी मात्र व्हीआरआरबरोबर येतात. ओव्हरड्राइव्ह बहुधा सगळ्यात वरच्या हर्ट्‌झसाठी जुळवलेला असतो. फ्रेम ७० वर आल्या की तोच धक्का जास्त होतो आणि मघाची खडूची कडा परत येते. दुसरी, व्हीए आणि ओलेडवर फ्रेमदर झपाझप बदलत असताना गडद दृश्य लुकलुकतं, विशेषतः लोडिंगच्या पडद्यावर. त्यात मॉनिटर बिघडलेला नसतो. फ्रेमदर स्थिर राहील अशी मर्यादा घातली की ते कमी होतं. फ्रेम व्हीआरआरच्या पल्ल्याबाहेर जाऊ नयेत म्हणूनही १४४ च्या मॉनिटरला १४० च्या आसपास मर्यादा घाला. एनव्हिडियाचं रिफ्लेक्स (माउसचा उशीर कमी करणारी सोय) जी-सिंक आणि व्ही-सिंकबरोबर स्वतःहून १३८ वर थांबतं, तेही याच कारणाने.

पोर्ट, केबल आणि एचडीआरचा शिक्का

एचडीएमआय २.० वर १०८०पी ला २४० हर्ट्‌झ, १४४०पी ला १४४ आणि फोर-केला ६० मिळतात. १४४०पी, १८० हर्ट्‌झचा मॉनिटर एचडीएमआयने जोडला आणि १४४ च दिसले, तर त्याचं कारण हे. डिस्प्लेपोर्ट १.४ वर १४४०पी ला २४० आणि फोर-केला १२० बसतात. फोर-के १४४ साठी डीएससी हे कॉम्प्रेशन लागतं. नुसता ‘एचडीएमआय २.१’ हा शिक्का बघून खूश होऊ नका. २.१ मधल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक आहेत, त्यामुळे जुन्याच १८ गिगाबिटच्या पोर्टलाही तो शिक्का लागू शकतो. मॅन्युअलमधला रिझोल्यूशन-हर्ट्‌झचा तक्ता वाचा, पोर्टनिहाय. पीएस५ जोडणार असाल तर तिचं व्हीआरआर एचडीएमआय २.१ चंच लागतं. एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस यांना फ्रीसिंकही चालतं.

केबल आधी खोक्यातलीच वापरा. खेळताना पडदा सेकंदभर काळा होऊन परत येत असेल, तर पहिला संशय केबलवर घ्या, मॉनिटरवर नाही.

‘डिस्प्लेएचडीआर ४००’ या शिक्क्याला बॅकलाइटचे वेगवेगळे भाग स्वतंत्रपणे मंद करता येण्याची अट नाही. अशा मॉनिटरवर एचडीआर चालू केलं की बहुतेकदा चित्र फिकंच पडतं. एचडीआर हवंच असेल तर शेकडो भागांचा मिनी-एलईडी किंवा ओलेड घ्या. नाहीतर ते सेटिंग बंद ठेवा आणि त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

घरी आणल्यावर

केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टात लावा, मदरबोर्डच्या नाही. कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला यूएसबीच्या शेजारी उभं असतं ते मदरबोर्डचं. कार्डाची पोर्टं खाली, आडव्या पट्टीत असतात. मग विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन रिफ्रेश रेट स्वतः निवडा. विंडोज अनेकदा ६० वरच ठेवतं, आणि १४४ चा मॉनिटर वर्षभर ६० वर चालवणारे लोक कमी नाहीत. एचडीएमआयवर काळा रंग धुतल्यासारखा दिसला, तर कार्डाच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज ‘लिमिटेड’ची ‘फुल’ करा.

पॅनल पहिल्याच रात्री तपासा. लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा असे पूर्ण पडदाभर रंग लावून डेड पिक्सेल (रंग न बदलणारे मेलेले ठिपके) शोधा. काळ्या रंगावर खोलीतले दिवे मालवा, ब्राइटनेस २५-३० टक्क्यांवर आणा आणि कोपरे बघा. आयपीएसवर झाक दिसेलच. ती ग्लो आहे की ब्लीड, ते ओळखायला दोन पावलं मागे सरका. मागे सरकल्यावर विरली तर ग्लो, ती पॅनलच्या जातीचीच आहे. जागची हलली नाही आणि कडेतून उजेड झिरपतच राहिला तर ब्लीड, ते बदलून मागा. एखाद-दुसऱ्या डेड पिक्सेलसाठी प्रत्येक कंपनी मॉनिटर बदलून देत नाही. किती असले तर देतात, हे ऑनलाइन घ्या की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, पैसे देण्याआधी विचारून ठेवा. खोकं उघडताना व्हिडिओ काढा आणि परतीची मुदत संपेपर्यंत आतला थर्माकोल फेकू नका.